हिरवा झाला की ये

हडपसरच्या दुकानात शर्मिलाने चार गेमिंग माऊस हाताळले आणि प्रत्येक वेळी एकच विचारलं, "ह्याचा दिवा मला हव्या त्या रंगाचा होतो ना?"

"मॅडम, गेम कुठला खेळता?" दुकानदाराने विचारलं.

"मीटिंग-मीटिंग," ती म्हणाली.

घरून काम करताना दार लावलं की तिची चार वर्षांची लेक यशू घर डोक्यावर घ्यायची, आणि उघडं ठेवलं की ऐन कॉलमध्ये मांडीवर येऊन बसायची. मॅनेजरने आता नोकरीवरून काढायचीच धमकी दिली होती. म्हणून नव्या माऊसवर नियम ठरला, "दिवा लाल असला की दारातच थांबायचं. हिरवा झाला की पळत यायचं, काय?" यशू आठवडाभरात शहाणी झाली. बाहुली पोटाशी धरून, माऊसकडे बघत, मुकाट्याने उंबऱ्यावर बसून राहायला लागली.

रविवारी लॅपटॉप बंद होता. शर्मिलाने दोन्ही हात पसरून हाक मारली, "ये गं माझी सोनुली!" यशू धावत आली ती उंबऱ्याशी थबकली. तिने आधी टेबलाकडे पाहिलं, मग आईकडे.



"आई, आज दिवाच नाही लागलाय. येऊ का नको?"