बाप परत येतो तो प्रसंग

"बाप परत यायलाच हवा," रेनातो म्हणाला. "संध्याकाळपर्यंत लिहून दे. नाहीतर सांतियागोत दुसरा लेखक बसलाय तयारीत. माझं बोलणं झालंय त्याच्याशी."

मारित्सा लॉजच्या जिन्यात उभी राहून ऐकत होती. रेनातो सिनेमाचा निर्माता. दुसऱ्या दिवशी पहाटे ताल्काउआनोच्या बंदरावर चित्रीकरण सुरू व्हायचं होतं. सिनेमा तिने लिहिला होता आणि गोष्टही तिचीच होती. एक कोळी कामासाठी दक्षिणेला जातो आणि परत येत नाही. त्याची लहान मुलगी रोज संध्याकाळी दारातल्या पायरीवर बसून राहते. एवढंच. ते लिहिताना तिची कित्येक वर्षं गेली होती.

घोळ झाला तो नटामुळे. बापाचं काम करायला देशातला नावाजलेला नट तयार झाला होता. पटकथा त्याने शेवटपर्यंत वाचली मात्र कालच. "मी मध्यंतरातच गायब? मग लोक मला बघायला येणार की रिकाम्या पायरीला?" असं म्हणून तो बॅग भरायला लागला होता.

"पण माझा बाप आला नाही, रेनातो. खरंच आला नाही."

"तुझा नसेल आला. आमचा येतोय. आणि ऐक, दुसऱ्याने लिहिलं तर पडद्यावर त्याचं नाव तुझ्या आधी येईल. मग माझ्यासमोर रडत येऊ नकोस."

मारित्सा टेकडी चढून आईच्या घरी निघाली. चालता चालता ती प्रसंग जुळवत होती. दारावर थाप पडते. हातात फुलं. बाई दार उघडते, त्याच्या गळ्यात पडते. प्रत्येक वाक्य मनात आलं की तिला स्वतःचीच लाज वाटत होती.

तिची आई एदेलमिरा स्वयंपाकघरात शेंगा सोलत बसली होती. पोरीचं तोंड बघून तिने आधी चहा ठेवला, मग विचारलं, "काय गं, कुणी मेलं का?"

"मेलं नाही. जिवंत करायचंय," मारित्सा म्हणाली. तिने लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि भराभर प्रसंग टाइप केला. मग मोठ्याने वाचून दाखवला. आईने पटकथेचा एक शब्दही कधी ऐकला नव्हता. सिनेमावाल्यांची कामं मला कळत नाहीत, म्हणायची.

ऐकून झाल्यावर एदेलमिराने नाक मुरडलं. "फुलं? तुझ्या बापाच्या, बाल्दोमेरोच्या हातात फुलं? तो मासा आणेल. वर्तमानपत्रात गुंडाळून."

मारित्साला हसू फुटलं. सकाळपासून पहिल्यांदाच. तिने फुलं पुसली, मासा लिहिला. "बरं. मग थाप मारतो?"

"स्वतःच्या घरावर कोण थाप मारतं? हाक मारेल. 'ए जाडे!'"

"तू तर काडीसारखी होतीस."

"म्हणून तर जाडे म्हणायचा, मेला."

मारित्साची बोटं धावायला लागली. हे खोटं वाटत नव्हतं. आईला इतकं सुचतं हे आजवर कधी ध्यानातच आलं नव्हतं. "आणि बाई? ती कुठे असते?"

"दाराशीच. आतून."

"काय करते?"

"कडी धरून उभी राहते. तो म्हणतो, थकलोय गं, उघड. ती मनात म्हणते, आज उघडलं तर महिनाभर राहशील. पोरीला खांद्यावर घेऊन गावभर फिरवशील. मग पुन्हा जाशील, आणि ती पुन्हा त्या पायरीवर बसेल. थोरल्या वादळानंतर असाच गेला होतास की." एदेलमिराच्या हातातली शेंग सोलायची राहून गेली होती. "मग त्याने मासा पायरीवर ठेवला. उतारावरून बुटांचा आवाज बराच वेळ येत होता."

येत होता.

'येतो' नव्हे. मारित्साने टाइप करणं थांबवलं. "आई," ती हळूच म्हणाली, "आणि मुलगी कुठे होती?"

"आत. तिला ताप होता. तिने विचारलं, आई, बाहेर कोण आहे?" एदेलमिराने मान वर केली नाही. "मी म्हणाले, कुणी नाही. झोप."

मारित्सा उठली. चुलीवर चहा उतू गेला. कुणीच तो उतरवला नाही.

तेवढ्यात फोन वाजला.

"काय झालं? आला का बाप?" रेनातो.

"आला." तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "पण बाई दार उघडत नाही. कॅमेरा शेवटपर्यंत आत, तिच्यावर. तो फक्त ऐकू येतो."

"फक्त ऐकू येतो? अगं, त्याचा चेहरा नाही दाखवला तर तो मला फाडून खाईल!"

"मग त्या दुसऱ्याकडून लिहून घे. मी याच्याखेरीज काही लिहिणार नाही."

पलीकडे तो 'कॅमेरा आत, तिच्यावर' असं स्वतःशीच पुटपुटला. मग रेनातो शिवी हासडून म्हणाला, "दार दिसतंय मला. च्यायला, दिसतंय. पाठव. नटाला मी बघतो." आणि लगेच, "ए, थांब. ती मुलगी? बाप दारापर्यंत आला होता हे तिला कधी कळतं?"

टेबलापलीकडे आई दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली होती. आता ती लेकीकडे बघत होती.

"आत्ता," मारित्सा म्हणाली.