धरलंय?

"सात महिने आपण जमिनीवर बसलोय. उडायचंच नाही, तर वर्गणी पुरी का भरायची? अर्धी करा," दातांच्या डॉक्टरीणबाई उभ्या राहून म्हणाल्या.

फ्लाइंग क्लबच्या हँगरमध्ये खडूने वर्तुळं आखली होती. एका वर्तुळात एक खुर्ची, एका खुर्चीत एक मास्क लावलेला सभासद. मागे क्लबचं ग्लायडर पंख उतरवून ठेवलेलं.

"बाई, साथ माणसांना. ग्लायडरला नाही," अध्यक्ष असलेले म्हातारे कप्तान बोलले. "विमा तेवढाच, छपराचं भाडं तेवढंच. उंदीरसुद्धा तेवढेच."

सगळे हसले. मास्कमधलं हसू खोकल्यासारखं वाटलं, म्हणून लगेच थांबलेही.

शेवटच्या वर्तुळात शिंपी गप्प बसला होता. तो शाळांचे गणवेश शिवायचा. शाळा बंद झाल्यापासून दुकानातली चारही मशीन जुन्या चादरींखाली होती. वर्गणी अर्धी झाली तर तो क्लबात राहणार होता. नाही झाली तर महिनाअखेरीस नाव काढून घेणार होता. हे फक्त एकाला ठाऊक होतं. त्याच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला, म्हणजे क्लबच्या चिटणिसाला. गुरुवारी दुकानात बसून चिटणीसच म्हणाला होता, "तू तोंड उघडू नकोस. चारचौघांत कशाला? अर्ध्या वर्गणीचं मी बघतो. मी आहे ना!"

चिटणीस उभा राहिला. त्याचा आवाज मुळातच गोड, समोर माणसं बसली की आणखी गोड व्हायचा. शिंपी खुर्चीत पुढे सरकला.

"मंडळी, अडचण सगळ्यांची आहे का? डॉक्टरीणबाईंची नाही. कप्तानांचं पेन्शन सुरू आहे. मग एकदोघांसाठी सगळ्यांची वर्गणी अर्धी करून क्लबच्या पोटावर पाय कशाला आणायचा? आता आमच्या घरातलंच घ्या." त्याने मागच्या खुर्चीकडे हात केला. "आमच्या मेहुण्याच्या दुकानाला कुलूप लागायची वेळ आलीय. पण माझा माणूस आहे म्हणून मी त्याची बाजू घेणार नाही. त्याने रीतसर अर्ज करावा. समिती सहानुभूतीने विचार करेल."

सगळ्या माना मागे वळल्या. मास्कच्या वर नुसते डोळे दिसत होते, आणि त्या सगळ्या डोळ्यांत कीव होती.

"अहो, नाव कशाला घेतलंत त्यांचं?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"याला म्हणतात चिटणीस! घरच्यालाही सूट नाही," दुसरं कोणीतरी म्हणालं.

कप्तानांनी हात वर करायला सांगितले. अर्ध्या वर्गणीच्या बाजूने सहा हात आले, विरुद्ध नऊ. शिंप्याचा हात मांडीवरून उठलाच नाही.

"ठराव नामंजूर," कप्तान म्हणाले. "चला, आता उडा. सकाळीच हुकूम आलाय, आजपासून एकेकट्याने उडायला परवानगी आहे. पहिला मान चिटणिसांचा."

ग्लायडर बाहेर ओढलं. पंख जोडायचं काम नेहमी शिंप्याकडे असे. ग्लायडरची सगळी आच्छादनं त्यानेच शिवलेली, एकेक खीळ त्याच्या बोटांच्या ओळखीची. त्याने दोन्ही पंख बसवले, खिळी ठोकल्या, मग शेपटी जोडली. नेहमीसारखंच प्रत्येक सांध्यावरून बोट फिरवलं.

चिटणीस आत बसला. आसपास कोणी नाही हे बघून त्याने आवाज खाली आणला.

"मनाला लावून घेऊ नकोस रे. घरचा माणूस म्हणून मला तसंच बोलावं लागलं. नाहीतर लोक म्हणाले असते, मेहुण्यासाठी चाललंय सगळं."

"पट्टा आवळा, दाजी."

"संध्याकाळी अर्ज लिहून दे. मी स्वतः पुढे सरकवतो. आणि हे ताईच्या कानावर घालू नकोस. उगाच घरात..."

"डावा पट्टा पिळलाय. सरळ करा."

मग शिंपी शेपटीकडे गेला.

इंजिन नसलेलं हे विमान उडण्याआधी दोन माणसं मिळून तपासतात. एक जण शेपटीची हलती फळी दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवतो. दुसरा आत बसून, ती फळी हलवणारा दांडा ढकलतो. दांडा अडला तर आतली जोडणी पक्की. सैल सरकला तर ते विमान माणसाला वर नेईल, पण खाली आणायची खात्री नाही. आत बसलेल्याला शेपटी दिसत नाही. तो विचारतो, "धरलंय?" मागून उत्तर येतं, "धरलंय." त्या एका शब्दावर तो दांड्याला जोर देतो. खांदा वळवून मागे बघायचं नाही, असा क्लबचा जुना रिवाज. बघणं म्हणजे मागच्याला खोटं पाडणं.

गेली एकोणीस वर्षं चिटणिसाच्या मागे शेपटीपाशी शिंपीच उभा असायचा.

"धरलंय?" चिटणिसाने विचारलं.

शिंप्याने फळी धरली होती. बोटांची पेरं पांढरी पडली होती. नेहमीपेक्षा जरा उशिराच, पण त्याने उत्तर दिलं.

"धरलंय."

दांडा हलला नाही. फळीवर जोर आला नाही. मैदानावर वाऱ्याने गवत तेवढं वाकत होतं. आतून पट्ट्याचा करकर आवाज आला. आवळून बसवलेला पट्टा ताणत चिटणिसाने खांदा वळवला, मग मान वळवली, आणि मागे पाहिलं.

शिंप्याने हात काढले नाहीत.

"पुढे बघा, दाजी," तो म्हणाला.