पाठीवरचं नाव

समता कॉलनीत घड्याळशौकिनांची बैठक भरली होती. जो तो मनगटावरचं घड्याळ काढून दाखवत होता. अश्विनचं चावीचं जुनं घड्याळ नरहररावांनी सहज उलटं केलं. पाठीवर त्यांनीच कोरून घेतलेलं नाव होतं, भार्गव. काही वर्षांपूर्वी त्यांचा मुलगा महानदीच्या पुरात वाहून गेला, तेव्हा हेच घड्याळ त्याच्या हातात होतं. देह मिळालाच नाही. “हे कुठं मिळालं तुले?” “गोल बाज़ार में, अंकल. एक दाढ़ीवाला खुद बेचने आया था, पिछले इतवार.” “भुवईवर जखमेची खूण होती?” “हव, था तो.” नरहरराव व्हरांड्यात आले. घरी फोन लावला. “सुनीती, पोराच्या फोटोवरचा हार काढ.”  बायको हळूच म्हणाली, “तुमी बाहेर गेले का मी रोजच काढते.”