रक्षाताईच्या कॉमेंटी

धीरज पुण्यातून ब्लॉगवर कविता लिहायचा. सेलूहून त्याची रक्षाताई प्रत्येक कवितेखाली कॉमेंट टाकायची, ‘लय मस्त रे बाप्पा! राखीले येजो.’

त्या बोलीची त्याला चारचौघांत लाज वाटे. शेवटी त्यानं ब्राउझरमध्ये नको त्या कॉमेंटी लपवणारं टूल घातलं आणि त्यात ताईचं नाव टाकलं. बाकीच्यांना ती दिसतच राहिली. दिसेनाशी झाली ती फक्त त्याला.

पण मन खात राहिलं. राखीला निघताना त्यानं टूल काढून टाकलं. कॉमेंटी मात्र परत आल्या नाहीत.

सेलूच्या घरात आई एकटीच दिसली. पाटावर बसत त्यानं विचारलं, “ताई कुठं आहे?”

आईचा चेहरा उतरला. “असं काऊन बोलतं रे? ओवाळून राह्यली ना ते तुले! रडवलं ना तिले!”

समोर कुणीच नव्हतं. मनगटावर राखीची गाठ हळूच आवळली गेली, आणि तिच्यावर एक ऊन थेंब पडला.