ना कुत्रं, ना बिबट्या

"बिबट्याच व्हता, आबा! ह्या डोळ्यांनी बघितला म्या. अंगभर ठिपकं, आन् ही एवढी लांब शेपूट!" चांगुणा पारावर सगळ्यांदेखत ओरडून सांगत होती.

"कुत्रं व्हतं," चांगदेव म्हणाला. त्याचं दुखणं निराळंच होतं. त्याच्या कांद्याची खुरपणी तोंडावर आलेली, आणि वावराला लागूनच ऊस. बिबट्याचं नुसतं नाव निघालं असतं तरी एक बाई कामाला फिरकली नसती.

चांगुणाचं मागणं साधं होतं. वनखात्याला कळवा, पिंजरा लागेस्तोवर त्या उसाकडं कुणाला धाडू नका. तिची सून माया रोज तिथंच खुरपायला जायची. चांगुणाचा जीव टांगणीला लागला होता.

सगळ्यांनी संपतआबांकडं पाहिलं. वडगाव रासाईत आबांचा शब्द म्हणजे शेवटचा. बांधाचं भांडण असो की भावकीचं, आबा मधोमध दगड रोवायचे आणि दोन्हीकडचे चहा पिऊन घरी जायचे.

"ही म्हणती बिबट्या, त्यो म्हणतो कुत्रं. खरं मधीच आसतंय, बाबांनो," आबा म्हणाले. "तरस आसंल. तरस काय माणसाच्या वाटंला जात न्हाई. पिंजरा नगं. बायांनी घोळक्यानं खुरपावं, झालं!"

वा रे न्याय! पण माना डोलल्या. आणि खरं सांगायचं तर चांगुणालाही जरा बरंच वाटलं. कुत्र्याचं निदान तरस तरी झालं, म्हणजे अर्धं तरी आपण जिंकलो. उजाडेपर्यंत तिला स्वतःच पाहिलेले ठिपके पुसट वाटायला लागले. मायाची भाकरी तिनंच फडक्यात बांधून दिली.

माया खाली वाकून खुरपत होती. उसातून झेप आली ती थेट मानेवर. बाया बोंबलत धावल्या, पण तोवर सारं संपलं होतं. मग मात्र पिंजरा लगोलग आला.

मातीनंतर आबा चांगुणाच्या घरी आले. मागून चांगदेव आला. त्याला बघताच चांगुणा उठली आणि तिनं त्याची गचांडीच धरली. "खोटं बोललास मेल्या! माझी लेकरावानी सून गेली!"

आबा मध्ये पडले. "आगं, सोड त्याला. चांगदेवनं बायांना बोलवायला नको व्हतं, आन् तूबी धाडायला नको व्हतं. चूक दोघांचीबी हाय. निम्मी निम्मी."

चांगुणानं गचांडी सोडली. ती आबांकडं वळली.

"निम्मी त्याची, निम्मी माझी," ती म्हणाली. "म्हंजी आबा, तुम्ही मोकळे."