कटाईचा दिवस

राज्यांची नव्यानं आखणी झाली, नागपूरची सरकारी कचेरी नव्या राजधानीत, भोपाळला हलली, आणि कचेरीतला कारकून लीलाधरही तिच्यासोबत निघाला. जाण्याआधी एका दिवसासाठी तो शाहपूरला आईकडे, गोदाबाईकडे आला. मित्राचा कॅमेरा मागून आणला होता.

"माय, चल, तुझा फोटो काढतो."

नेमकी त्याच दिवशी केळीची कटाई होती. संध्याकाळच्या आत माल बुऱ्हाणपूर स्टेशनवर पोचायला हवा होता. गोदाबाई घड उचलता उचलता म्हणाली, "रुक जरा भाऊ, येवढी गाडी लादू दे."

दुपारीही ती तेच म्हणाली. शेवटची बैलगाडी निघाली तेव्हा उजेड गेला होता, आणि लीलाधरला निघायचं होतं.

महिन्याभरानं भोपाळहून पाकीट आलं. त्यात फोटोच फोटो होते. घड उचलणारी गोदाबाई, मजुरांवर ओरडणारी, पदरानं घाम पुसणारी, पाठमोरी.

"किती काढले वं पोरानं!" शेजारची सोजरबाई हरखली. "तू तं म्हणत होती, फोटो राहूनच गेला."

गोदाबाई एकेक फोटो हातात घेऊन बघत राहिली.

"दिवसभर समोरच उभा होता वं तो," ती म्हणाली. "मीच एकदा मान वर करून त्याचं तोंड पाह्यलं नाही."