वन्सं, गंगा आली!

सकाळी अकरा वाजता रत्नागिरीच्या थिबा राजवाड्यातल्या संग्रहालयात सरोजआत्यांचा फोन वाजला. राजापूरहून त्यांची भावजय ओरडली, "वन्सं, गंगा आली!" आणि फोन कटला.

राजापूरच्या टेकडीवर काही वर्षांनी अचानक झरे वाहू लागतात आणि तसेच अचानक आटतात; त्यालाच लोक 'गंगा आली' म्हणतात. पंच्याहत्तरीच्या आत्यांचं तिथलं स्नान चारदा हुकलं होतं.

"आत्या, काकूच्या हरवलेल्या गाईचं नावही गंगाच आहे," भाचा निरंजन म्हणाला.

"गाईसाठी कुणी एवढं ओरडतं का, मेल्या? गाडी काढ!"

राजवाडा अर्धा बघायचा राहिला. वाटेत काकूचा फोन काही लागला नाही.

दीड वाजता ते टेकडीखालच्या उन्हाळे गावात, गरम पाण्याच्या कुंडापाशी पोहोचले.

"गंगा आली म्हणतात, पण बघितलेला कुणी भेटला नाही," कुंडात बसलेला एक माणूस म्हणाला.

"आत्या, इथे पाय तरी शेकून घे."

"येताना!" पदर खोचून आत्या चढणीला लागल्या.

पावणेदोन वाजता त्या अर्ध्या वाटेवर होत्या. कुंडातली सात माणसं ओल्या अंगानं त्यांच्या मागे निघाली होती. वरून अजून कुणी खाली आलं नव्हतं.